शिखरांवरच्या त्या आगी
'रिटर्न ऑफ द किंग' (२००३) या चित्रपटात संकटात सापडलेलं गोंडोर राज्य शेजारच्या रोहानला मदतीसाठी बोलवायला शिखराशिखरांवर इशाऱ्याच्या आगी पेटवतं. पण बर्फाच्या सुळक्यावर लाकडं नेणार कोण, आणि तिथे वर्षानुवर्षं पहारा देणार कोण, हा आक्षेप मला पटतो. तो प्रसंग बघताना दर वेळी अंगावर काटा येतो, तरीही पटतो. पण ही अडचण चित्रपटाने ओढवून घेतली आहे. ज्यावर तो बेतलाय त्या टॉल्किनच्या कादंबरीत या आगी डोंगररांगेच्या कडेच्या टेकड्यांवर आहेत. चित्रपटात पहिली आग पेटवणारा पिपिन इथे त्या पेटवत नाही. गँडाल्फ या जादूगाराबरोबर घोड्यावरून येताना त्याला त्या पेटलेल्याच दिसतात.

शिवाय कादंबरीत त्या आगींच्या ठाण्यांवर निरोप्यांसाठी ताज्या दमाचे घोडे कायम तयार असतात. म्हणजे माणसं, चारा, सरपण सगळं आलंच! रोहानच्या राजाकडे मदतीची हाक घेऊन जातो तोही एक स्वारच, हातात लाल बाण घेऊन. तो बाण पडद्यावर यायलाच हवा होता.