एसीचा गॅस ‘संपतो’ की ‘गळतो’?
(नाशिकच्या वेगवेगळ्या भागांतल्या चौघांची शब्दचर्चा. प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याच्या भागाचं नाव दिलं आहे.)

इंदिरानगर
उन्हाळा लागला की आमच्या इमारतीत एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘एसीचा गॅस संपलाय.’ दुरुस्तीला येणारेही तेच म्हणतात आणि गॅस भरून जातात. आमच्याकडे मागच्या वर्षी भरला, यंदा पुन्हा तीच तक्रार. इथे ‘संपणे’ हे क्रियापद बरोबर आहे का? आणि या गॅसला मराठीत काय म्हणावं?

सातपूर
ताई, मी एसी-फ्रिज दुरुस्तीचंच काम करतो. ‘संपला’ हा शब्द आम्ही कारागीरही सर्रास वापरतो, पण तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं. बहुतेक स्वयंपाकघरातूनच आला असावा. सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला बंद नळ्यांमधून नुसता फिरत राहतो. घरातल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेर पाठवतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती उष्णता सोडते आणि पुन्हा द्रव होते. नळी शाबूत असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाय.

‘संपला’ म्हटलं की पुढे ‘भरा’ एवढंच उरतं. ‘गळला’ म्हटलं की आधी ‘कुठून?’ हे विचारावं लागतं. तेच विचारा. नळ्यांच्या जोडांवर, फ्लेअर नटापाशी तेलकट डाग आहे का पाहायला लावा. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. गळती बंद झाली की व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची, आणि मगच वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. कोणता गॅस, आर-३२ की आर-४१०ए, आणि किती ग्रॅम, हे एसीच्या बाहेरच्या युनिटवरल्या पट्टीवर छापलेलं असतं.

पंचवटी
‘गळणे’ला माझाही कौल. ‘पाझरणे’, ‘झिरपणे’ पाण्यासारख्या पातळ गोष्टींना शोभतात. वायूसाठी वर्तमानपत्रांनी ‘वायुगळती’ केव्हाच रूढ केलाय. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार ‘मणीगळ’ म्हणतात, त्यातही हाच अर्थ आहे, जे धरून राहायला हवं ते सुटून जाणं.

गॅससाठी पाठ्यपुस्तकी शब्द ‘प्रशीतक’. तो अर्थाने जास्त नेमका आहे, कारण नळीत तो पदार्थ कधी वायू असतो, कधी द्रव. पण फोनवर कारागिराला ‘प्रशीतक गळतोय’ सांगून काम व्हायचं नाही. लिहिताना प्रशीतक, बोलताना गॅस, असं मी ठेवते.

गंगापूर रोड
मला ‘एसी थंड करत नाही’ या वाक्याचीच अडचण वाटते. त्यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र होतात. ‘हवाच गार येत नाही’ म्हटलं तर दोष यंत्रात. ‘हवा गार येते, पण खोली थंड होत नाही’ म्हटलं तर आधी खोलीकडे बघावं लागतं. वरच्या मजल्यावर मे महिन्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत असतं, किंवा मोठ्या हॉलला एक टनाचा एसी लावलेला असतो. (हा टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी खेचून घेण्याची ताकद, तासाला १२,००० बीटीयू. बीटीयू हे उष्णता मोजण्याचं एकक.)

इंदिरानगर
मग आमची पहिली तक्रार. हवाच गार येत नाही. शिवाय आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. ‘धरतो’च म्हणायचं ना?

सातपूर
हो, ‘बर्फ धरतो’ असंच म्हणतात. पण बर्फ दिसला म्हणजे गॅस गळलाच, असं ठरवू नका. फिल्टर धुळीने तुंबला तरी कॉइलवरून हवा कमी जाते आणि बर्फ धरतो. कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवा, बर्फ पूर्ण वितळू द्या. नंतर एसी बंद करून फिल्टर काढा, धुवा, सावलीत वाळवून परत बसवा आणि मग चालवून बघा. पुन्हा बर्फ धरला तर माणूस बोलवा. फोनवर ‘गॅस भरायचाय’ म्हणू नका. ‘बर्फ धरतोय, गळती तपासायचीय’ असं सांगा, म्हणजे तो नायट्रोजनचा सिलिंडर सोबत घेऊन येईल.