रविवार सहल: रिसॉर्ट की कान्हेरी?

सुलभा काकू (बी ३०४): दर वर्षी तेच रिसॉर्ट आणि तोच रेन डान्स. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह आहे. या रविवारी कान्हेरीला जाऊया. नॅशनल पार्कच्या गेटाशी राहतो आपण, पण निम्म्या पोरांनी आतली बौद्ध लेणी पाहिलेली नाहीत.

निखिल (ए १०२): पोरांचं सोडा काकू, मीही नाही 🙈 पार्कात फक्त जॉगिंग.

परांजपे काका, खजिनदार: सोसायटीच्या फंडातून एक रुपया मिळणार नाही. टँकरनेच कंबर मोडलीय.

सुलभा काकू: मागितलाय कोणी? पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं वेगळं. लेण्यांना १५ वर्षांखाली तिकीट नाही. सोमवारी बंद, म्हणून रविवारच.

रेश्मा (सी २०१): पण तिथे बघायचं काय? नुसत्या अंधाऱ्या खोल्या ना?

सुलभा काकू: शंभरच्या वर आहेत त्या 😄 ३ नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, बुद्धाच्या दोन उंचच उंच मूर्ती आहेत, मान दुखते बघून. पण मी दर वेळी पाणी बघायला जाते. लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं असतं. तिथल्या प्राकृत लेखांत त्याला पोढी म्हटलंय. वरच्या उतारावर पन्हळी कोरल्यात, बोट फिरवलं की छिन्नीचे घाव लागतात. पाऊस त्यातून थेट टाक्यात. आणि आपण टँकरवाल्याला फोन लावतो.

परांजपे काका: टोमणा पोचला.

निखिल: भिंतीवर नावं लिहिलेली असतील ना, बदाम काढून?

सुलभा काकू: ९० नंबरच्या लेण्यात पारशी पाहुण्यांनी १००९ आणि १०२१ साली पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आपली नावं कोरलीत. त्यांना खपलं. आता खिळा काढलास तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

रेश्मा: आमचा चिरंजीव ऐकतोय 😂

सुलभा काकू: बाकी लेख बहुतेक देणगीचे. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कुठे लेणं दिलं, कुठे पोढी. आपल्या बाकांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं ना, तसंच. कोणी अक्षयनीवी ठेवायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं.

परांजपे काका: मुद्दलाला हात नाही?

सुलभा काकू: अजिबात नाही.

परांजपे काका: लेखी?

सुलभा काकू: दगडात.

परांजपे काका: माझं आणि हिचं नाव घ्या. पुढच्या एजीएमला फोटो दाखवतो. मोठ्या कामांसाठी राखलेल्या सिंकिंग फंडातून लिफ्टला रंग द्या म्हणणारे सगळे यायला हवेत.

निखिल: सात वाजता गेटवर. डबे झाकणाचे आणा, प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की माकडं सोडत नाहीत.

रेश्मा: माझ्याकडे थालीपीठ. लोणी कोण आणतंय?