गवत कापताना मिनी ट्रॅक्टर वीस मिनिटांत बंद पडतोय, डिझेलचा पंप उतरवायचा का?

मोसंबीवाला अंबड:
राम राम मंडळी. आमची अंबड तालुक्यात साडेतीन एकर मोसंबी आहे, कालव्याचं पाणी आहे त्यामुळं गवत बी तसंच माजतं, आत्ता गुडघ्याला लागायलंय. बागेत एक जुना मिनी ट्रॅक्टर आहे, १८ एचपी, तीन सिलिंडर डिझेल, वडलांनी सेकंडहँड घेतलेला, मागं पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर फिरणाऱ्या मागच्या शाफ्टवर, गवत कापायचं मशीन जोडलंय. रोटाव्हेटर मी तीन वर्षांपासून बंदच केला कारण मोसंबीच्या बारीक मुळ्या वरवरच असतात, त्या तुटल्या की जखमेतून डिंक्या रोग घुसतो, दोन झाडं त्यातच गेली माझी. म्हणून गवत कापायचं आन तिथंच पाडायचं.

आता प्रॉब्लेम आसा की गाडी सकाळी अर्ध्या सेल्फवर चालू होते, पहिल्या दोन-तीन ओळी मस्त कापते आन मग वीसेक मिनिटांनी आवाज बसत जातो, रेस दिली तरी उचलत नाही, शेवटी बंद. काळा धूर नाही, पांढरा नाही. दहा-पंधरा मिनिटं लिंबाखाली थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. रिकामी गावात नेली तर एकदा बी बंद पडली नाही. डिझेल फिल्टर नवा टाकला, डिझेलच्या पाइपातली एअर दोनदा काढली. मिस्त्री म्हणतो पंप उतरवून जालन्याला न्यावा लागंल. तेवढा खर्च आत्ता झेपणारा नाही आन पंप नेला की गाडी किती दिवस उभी राहील देव जाणे.

अजून एक, कामाचं आहे का नाही माहीत नाही. टाकी फुल्ल केली त्या दिवशी लवकर बंद पडते, अर्धी असली तर जरा जास्त चालते. उलटं व्हायला पाहिजे ना?

गंगाथडी:
भाऊ गरम होत असंल. रेडिएटरच्या पुढची जाळी बघा, गवत कापताना कुसळं आन बी उडून तिथंच बसतं, वरून स्वच्छ दिसतं पण आत गच्च असतं. माझं तसंच झालं होतं. गरम असताना झाकण उघडू नका फक्त, वाफेनं हात भाजतो.

मोसंबीवाला अंबड:
टेंपरेचरचा काटा मेलेलाय दादा. पाणी कमी होत नाही पण. जाळी बघतो आज.

डिझेल मिस्त्री परतूर:
पंपाला हात लावू नका अजून. तुम्ही शेवटी जे लिहिलं तेच सगळ्यात कामाचं आहे.

बघा, लोडवर इंजिन बंद पडताना काळा धूर आला तर हवा कमी पडायली किंवा लोड जास्त झालाय आसं समजायचं. तुमच्यात धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. आता डिझेल टाकीतून जेवढं जातं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, त्यासाठी टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकी आतून ओढली जाते, लेकरू पाण्याची बाटली तोंडाला लावून ओढतं तेव्हा बाटली चेपते ना, तसं. मग डिझेल खाली उतरायचं थांबतं. टाकी फुल्ल असली तर वर हवेला जागाच थोडी, म्हणून ओढ लवकर बसते, अर्धी असली तर उशिरा. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं म्हणून रस्त्यावर कळत नाही. आन पंधरा मिनिटं थांबलात की आट्यातून हवा हळूहळू शिरते, गाडी चालू.

उद्या बंद पडली की थांबू नका, लगेच खाली उतरा आन कान जवळ धरून डिझेलचं झाकण हळूच फिरवा. फुस्स आसा आवाज आला तर काम झालं. नाही आला तर फिल्टरकडं येणारा पाइप ढिला करून धार बघा, धार तुटक असली तर टाकीच्या तळाची जाळी नाहीतर बँजो बोल्ट, म्हणजे पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, चोंदलेला असणार. पंप सगळ्यात शेवटी.

घनसावंगीची शेतकरीण:
दादा, मध्येच बोलते पण राहवत नाही. बंद पडलेल्या गाडीवरून उतरताना पीटीओचा दांडा आधी न्यूट्रल करा आन चावी काढून खिशात ठेवा, मगच मागं जा. आन शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आहे का? मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ सेकंदाला नऊ फेरे घेतो. आमच्या दिराचं उपरणं गुंतलं होतं, फाटलं म्हणून ते वाचले, गळ्यावर वळ महिनाभर होता. कव्हर नसंल तर आधी ते आणा.

मोसंबीवाला अंबड:
ताई कव्हर तुटलेलंच आहे, खरं सांगतो. उद्याच आणतो.

मोसंबीवाला अंबड:
मिस्त्री साहेब, फुस्सच नाही, चांगला लांब आवाज आला! टाकी मुद्दाम फुल्ल केली होती, अठराव्या मिनिटाला बंद पडली. झाकण हातात घेऊन उलटं करून बघितलं तर आत नुसतं रबर, छिद्र नावालाच नाही. मग आठवलं, जुनं झाकण दोन वर्षांमागं बांधावर पडून हरवलं होतं तवा मापाचं म्हणून दुसरंच कोणतं तरी बसवलं. तेव्हापासूनच हे चालू आहे बहुतेक, आन मी फिल्टरवर फिल्टर बदलत बसलो. छिद्र पाडू का यालाच?

डिझेल मिस्त्री परतूर:
नका पाडू. सरळ छिद्रातून पावसाचं पाणी आन धूळ टाकीत जाते, मग खरंच पंप आन नोझल खराब होतील. हवेची वाट असलेलं झाकण मिळतं, जुनं झाकण दाखवून आट्याचं माप जुळवून घ्या. तोवर अर्धा आटा ढिलं ठेवा, फडकं कोंबू नका.

मोसंबीवाला अंबड:
झाकण बसवलं. फुल्ल टाकीवर सलग सव्वादोन तास चालली, निम्मी बाग झाली, पंप उतरवायचा वाचला, तुमचे उपकार विसरायचो नाही. गंगाथडी दादा, जाळीतून बी मूठभर कुसळं निघाली, हवेच्या फिल्टरमधलं ऑइल तर काळा गाळ झालं होतं, तेही बदललं. शाफ्टला कव्हर घातलं ताई.

आता एकच राहिलं, मशीन चालू केलं की सीटपर्यंत थरथर येते, लव्हाळ्यात जास्त.

डिझेल मिस्त्री परतूर:
एकच पातं बदललं होतं का मागं? काढून दोन्ही काट्यावर मोजा. समोरासमोरच्या पात्यांचं वजन सारखं पाहिजे.

मोसंबीवाला अंबड:
किराणाच्या काट्यावर मोजली. एक १ किलो १४० ग्रॅम, दुसरं १ किलो २० ग्रॅम. जुनं पार झिजलंय.

डिझेल मिस्त्री परतूर:
मग जोडीच घ्या, बोल्ट बी नवे घाला. तोवर चालवू नका, बेअरिंग जातील.