भाच्याचं नाव संशोधनात घालायचं का? घरच्यांना कसं समजवू?

लालबागची मावशी:
माझा ९ वर्षांचा भाचा परळच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट आहे. डॉक्टरांनी एका औषधाच्या अभ्यासात घेऊ का, असं विचारलंय. मराठी माहितीपत्रक दिलंय. त्याची आजी म्हणते, "पोरावर प्रयोग नकोत." बहिणीला धास्ती, नाही म्हटलं तर डॉक्टर लक्ष देतील का? सही उद्याच करावी का?

वॉर्डातली समाजसेविका:
ताई, आधी बहिणीची धास्ती घालवा. नकार द्यायचा हक्क आहे, मध्येच बाहेर पडायचाही आहे. त्यावरून नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. संमतीपत्रातच ते लिहिलेलं असतं, ती ओळ तिला बोट ठेवून वाचून दाखवा.

सहीची घाई नको. पत्रक घरी न्या आणि डॉक्टरांशी बोलताना आजींनाही सोबत बसवा. सही आईवडिलांची असली तरी घरात शब्द आजींचा चालतो.

बहुतेक घरं अडतात ती गटांपाशी, म्हणजे अभ्यासात काही मुलांना एक औषध आणि काहींना दुसरं, अशी जी विभागणी होते तिथं. एक आजोबा मला म्हणाले होते, "मॅडम, चांगलं औषध आमच्या पोराला द्या, हवं तर साहेबांची चिठ्ठी आणतो." कुठलं औषध चांगलं ते डॉक्टरांना ठाऊक आहे, असं त्यांनी धरलं होतं. ते अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर अभ्यास, आणि कोण कुठल्या गटात हे डॉक्टर नाही, कॉम्प्युटर ठरवतो, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग पहिल्या पानापासून परत वाचा." शेवटी त्यांनी नकार दिला. समजून दिला, मला त्याचं समाधान आहे.

भाच्यालाही विचारा. ७ वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार लागतो, त्याच्या वयाला तोंडी चालतो. सुया किती टोचणार ते त्याला खरं सांगा.

डोंबिवलीकर:
औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासात रुग्णांचे हक्क सांभाळले जातात ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर पत्रकात बघा. सही केलीत तर प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

लालबागची मावशी:
आज आजींना घेऊन गेलो. त्यांनीच विचारलं, "रक्त किती वेळा जास्तीचं काढणार?" डॉक्टरांनी कागदावर तारखा मांडून दाखवल्या. गटांचं बहिणीला अजून नीट उमगलेलं नाही, गुरुवारी परत बसणार आहोत. तोवर सही नाही, असं डॉक्टरांना सांगून आलोय.