मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ ला माझा प्रोग्राम 'मूळ' का म्हणतोय?

नमस्कार मंडळी,

मूळ संख्या ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय. आधार फर्माच्या छोट्या प्रमेयाचा: न ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ उरते. बाकी १ आली की माझा गडी 'मूळ' म्हणून मोकळा. ३४१ वर (११ × ३१) तो फसतो हे माहीत होतं, पण असे नग विरळ म्हणून सोडून दिलं.

काल २^३२ + १ टाकली, म्हणजे ४२९४९६७२९७. उत्तर 'मूळ'. पण कागदावर ६४१ ने भागलं तर भागाकार ६७००४१७, बाकी शून्य! दोनदा करून पाहिलं. मग वाटलं आकडा मावत नसेल. ३२ बिटांत तर ही संख्या गुंडाळून चक्क १ होते, आणि गुणाकार ६४ बिटांतही उतू जातो. म्हणून कितीही अंक चालतील असा प्रकार वापरला. तरी बाकी १ च.

हा योगायोग की आणखी काही? आणि ६४१ हाताने कसा सापडला असेल? (मी कुठेतरी वाचला होता, शोधला नाही.)

प्रतिसाद १:
योगायोग अजिबात नाही. तुमची संख्या न = २^३२ + १, म्हणजे २^३२ ला न ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे न−१ च, पूर्ण भाग जायला १ कमी). वर्ग करा, २^६४ ची बाकी १. आता न−१ = २^३२ ला ६४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून २^(न−१) ची बाकी १ येणारच, न मूळ असो वा नसो. २ हा पाया (ज्याची घात घेतो ती संख्या) इथे आंधळा आहे. ३ घेऊन बघा.

६४१ बद्दल: फर्माला १६४० च्या सुमारास २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १ (घात दर वेळी दुप्पट) अशा सगळ्या संख्या मूळ वाटत होत्या (३, ५, १७, २५७, ६५५३७ आहेतच). ऑयलरने १७३२ मध्ये ही फोडली. हिचा प्रत्येक मूळ विभाजक ६४क + १ अशा रूपाचा असतो. त्यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते!

पडताळा तर भागाकाराशिवायही होतो. ६४१ = ५×२^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५×२^७ ला ६४१ ने भागून बाकी −१, म्हणून चौथ्या घाताची, ५^४×२^२८ ची, बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा, −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. झालं.

धागाकर्ता:
आभार! ३ ने बाकी ३०२९०२६१६० आली, पकडली गेली. मग २ काढून कायमचा ३ च ठेवू का?

प्रतिसाद २:
नको. ३ ला ९१ (७ × १३) फसवते. मिलर-राबिन चाचणी वापरा (फर्माचीच, पण वर्ग करत जाताना मधल्या बाक्याही बघते; १ च्या आधी −१ आला तरच 'मूळ', किंवा सुरुवातच १ ने झाली तर), पण पाये बदलून. एकट्या २ वर तीही या संख्येला 'मूळ' म्हणेल, कारण वर्ग करत जाताना −१ भेटतोच.