मदत हवी आहे: स्पीडोमीटर आणि ऑटो गिअरबॉक्स दोन्ही एकदम गंडलेत

चाकवाट (धागाकर्ता):
परवा साताऱ्याहून पुण्याला येताना स्पीडोमीटरचा काटा धाडकन शून्यावर आला. जरा वेळाने उठला, परत पडला. काटा पडला की इंजिन नुसतं ओरडतं, वरचा गिअर पडतच नाही. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ४५ हजार. शनिवारी कोल्हापूरला लग्न आहे. लवकर सांगा.

तेलकट_हात:
गाडी कोणती? साल? किती चाललीय?

घाटमाथा:
म्हणून मी मॅन्युअलच चालवतो. क्लच गेला तर गावातला पोरगाही बदलून देतो.

चाकवाट:
२००१ चं मॉडेल, पेट्रोल, चार गिअरची ऑटो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या धाग्यात लिहिलं तर सगळे कंपनीवरूनच भांडत बसले.

तेलकट_हात:
बरं. काटा आणि गिअर बरोबरच जातात ना? मग गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सवर एक स्पीड सेन्सर असतो. त्याच्याच पल्सवर काटा हलतो आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गिअर कधी टाकायचा ते ठरवतो. पल्स गेली की त्याला वाटतं गाडी उभी आहे. काटा पडल्यावर किलोमीटरचे आकडेही थांबतात का? डॅशबोर्डवरचा 'डी'चा (ड्राइव्ह गिअरचा) दिवा लुकलुकतो का?

सदाशिवपेठी:
एवढं कशाला? ऑईल काळं झालं असणार. मशीनने फ्लश करून घ्या, माझी गाडी लोण्यासारखी झाली.

तेलकट_हात:
ऑईलने काटा पडत नाही हो! आणि जुन्या गिअरबॉक्सला प्रेशरने फ्लश म्हणजे तळाची घाण व्हॉल्व बॉडीत, म्हणजे गिअर बदलणाऱ्या झडपांत, ढकलणं. काढा-भरा करायचं, दोन-तीनदा. एका वेळी सगळं निघत नाही, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कन्व्हर्टरमध्ये राहतं.

सदाशिवपेठी:
माझी ६० हजार चालली त्यानंतर. तुमचं पुस्तकी ज्ञान चालू द्या.

न्यूजर्सीकर:
आमच्याकडे पार्टच्या दुकानात गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड फुकट वाचून देतात. पी०५००, म्हणजे स्पीड सेन्सरचा कोड, येतो का बघा.

तेलकट_हात:
आपल्याकडे ओबीडी (हे कोड देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं २०१० मध्ये. २००१ च्या गाडीत कोड वाचायचं सॉकेट असेलच असं नाही.

घाटमाथा:
पंधरा वर्षं उलटून गेलीत, पासिंग पाच-पाच वर्षांचंच मिळतंय. विकून मोकळे व्हा.

चाकवाट:
विकायची का हे विचारलेलंच नाही. बाबांची गाडी आहे. हो, आकडे थांबतात. दिवाही लुकलुकतो, पण तो गेल्या पावसाळ्यापासूनच.

तेलकट_हात:
गेल्या पावसाळ्यापासून! आणि आज सांगताय? सेन्सरचा कनेक्टर काढून बघा. तीन वायरी असतील तर एक पॉवर, एक अर्थ, एक सिग्नल. मग कनेक्टर परत लावा, पुढची चाकं जॅकवर घ्या, इग्निशन चालू, गिअर न्यूट्रलला, एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला लावून दुसरं हाताने फिरवा. मल्टिमीटरवर सिग्नलचं व्होल्टेज वर-खाली झालं पाहिजे. मागच्या चाकांना दगड लावायला विसरू नका. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा.

चाकवाट:
कनेक्टर काढला. एक पिन गंजून हिरवीगार. पॉलिश पेपरने घासली, स्प्रे मारला. कात्रजपर्यंत जाऊन आलो, काटा एकदाही पडला नाही, चारही गिअर पडतात. आभार! फक्त रिव्हर्स टाकताना बसणारा झटका तसाच आहे.

तेलकट_हात:
कसला झटका?