घरीच सर्व्हिसिंग: कोणती कामं हातात घ्यावीत?

डबल_स्टँड:
गाडी १५० सीसी, एक सिलिंडर, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. पुढे डिस्क, मागे ड्रम. फ्री सर्व्हिस संपल्यात, म्हणून ऑइल, चेन, प्लग आणि एअर फिल्टर यापुढे घरीच करायचं ठरवलंय. पाने आहेत, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा) नाही. तो घ्यावाच लागेल का? आणि कारचं १०डब्ल्यू-३० ऑइल उरलंय, ग्रेड तोच आहे, तर चालेल ना?

ओला_क्लच:
नाही चालणार. ग्रेड फक्त दाटपणा सांगतो. मोटरसायकलचे गिअर आणि क्लच प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, आणि कारच्या ऑइलमध्ये बहुधा घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. प्लेटा घसरायला लागतात: रेस चढते, गाडी पळत नाही. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलचं जपानी मानक) बघून घ्या. 'एमबी' स्कूटरसाठी असतं, ते नको.

पाच मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करा. गाडी सरळ उभी ठेवून वरची टोपी काढा, मग ड्रेन बोल्ट. बोल्टला रिंग पाना किंवा सॉकेट लावा. फिक्स पान्याने कडा गोल होतात. १०-१५ मिनिटं निथळू द्या. वॉशर नवीनच घाला, जुना एकदा दबला की पाझरतो.

टॉर्क पाना असला तर उत्तम, नसला तर अडत नाही. अशा गाड्यांच्या ड्रेन बोल्टला बहुतेक २० ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. पहिले तीन-चार आटे बोटांनी बसवा, मग आखूड पान्याने फक्त मनगटाचा जोर. खांदा लावलात की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच, आणि वाचवलेले सगळे पैसे त्या एका बोल्टात जातात.

सैल_साखळी:
चेनबद्दल. ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य. रबर फुगतं, फाटतं आणि आतलं ग्रीस निघून जातं. रॉकेल आणि मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने सोडा. चाक हाताने फिरवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन साफ करणारे बोट गमावतात, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही.

ढील खालच्या पट्टीच्या मधोमध मोजा, साधारण २० ते ३० मिमी (नेमका आकडा मॅन्युअलचा). चेन सगळीकडे सारखी ताणत नाही, म्हणून चाक फिरवून सर्वात घट्ट जागा शोधा आणि मोजमाप तिथेच घ्या. सैल जागी मोजून ताणलीत तर घट्ट जागा आली की गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं. एक्सल नट सैल करून दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, खुणा जुळवा.

लोक हमखास विसरतात ते पुढचं: चाक मागे सरकलं की मागच्या ड्रमचा ब्रेक घट्ट होतो. ब्रेक रॉडचा नट पुन्हा लावा, चाक मोकळं फिरतंय का बघा, मग ब्रेक लाइटचा स्विच.

शून्य_पॉइंट_आठ:
प्लग थंड इंजिनवरच काढा, आधी भोवतीची माती फुंकून घ्या. ती थेट सिलिंडरमध्ये पडते. फट बहुतेक गाड्यांत ०.७ ते ०.९ मिमी. तपकिरी टोक चांगलं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर चोंदलाय, तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत बसवा, मग पान्याने अर्धा फेरा.

फोमचा फिल्टर साबणपाण्यात धुता येतो. पूर्ण वाळवून थोडं ऑइल लावा, दाबून जास्तीचं काढा. कागदी असेल तर धुवायचा नाही. तेलकट कागदाचा असेल तर हवाही मारू नका, मुदत झाली की सरळ बदला.

तुम्ही टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावणं) विचारले नाहीत. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि मॅन्युअल असेल तर तेही घरी होतात, मात्र इंजिन पूर्ण थंड हवं.

ओला_क्लच:
टॅपेट पहिल्याच खेपेला नको, असं माझं मत. पिस्टन वर आल्याची 'टी' खूण कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट दोन्ही स्ट्रोकला दिसते. चुकीच्या स्ट्रोकवर लावले की फट भलतीच बसते. वाजणारा टॅपेट निदान कळतो; घट्ट राहिलेला आवाज न करता व्हॉल्व्ह जाळतो.

डबल_स्टँड:
समजलं, टॅपेट सोडतो. ऑइल बदललं. मॅन्युअलमध्ये १.२ लिटर आहे, तेवढंच मोजून ओतलं, तरी काडीवर वरच्या खुणेच्या वर दिसतंय.

ओला_क्लच:
मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात. मोठा आकडा पूर्ण खोललेल्या इंजिनचा. नुसतं ड्रेन केल्यावर थोडं ऑइल आतच राहतं, म्हणून दुसरा आकडा १००-२०० मिलिलिटरने कमी असतो. जास्त ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत पोहोचतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, गाडी सरळ ठेवून पुन्हा बघा. काडी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं, तेही त्याच पानावर सापडेल. तरीही वर असेल तर सिरिंजला नळी लावून भरायच्या तोंडातून काढा. ड्रेन बोल्टला पुन्हा हात लावू नका.